उपग्रहाला मिनिटं कळत नाहीत

(रत्नागिरीत मच्छीमार बांधवांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘सॅटेलाइट फोन महाग का?’ ज्यांना गाडी गाठायची आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच सांगून टाकतो. महाग आहे, कारण त्याचे पैसे मिनिटावर लावले. तिथेच सगळी गफलत झाली. आता जे बसलेत त्यांना नीट सांगतो.

इरिडियम या सॅटेलाइट फोन कंपनीची गोष्ट माहीत असल्याशिवाय हा विषय कळत नाही, म्हणून तिला वेळ लागला तरी चालेल. 1987 साली मोटोरोलाच्या तीन इंजिनीअरांनी अमेरिकेत ॲरिझोनात ही कल्पना मांडली. सांगतात ते असं, की त्यांच्यातल्या एकाची बायको बहामाजला सुट्टीवर गेली होती आणि तिथून तिला आपल्या गिऱ्हाइकांना फोन लावता येईना. मग जगात कुठूनही लागेल असा फोनच करू, असं ठरलं. पृथ्वीपासून 780 किलोमीटरवर 66 उपग्रह फिरवायचे. एक उपग्रह सुमारे शंभर मिनिटांत एक फेरी मारतो, तुमच्या डोक्यावर काही मिनिटंच असतो, की लगेच दुसरा संभाषण उचलून घेतो. तंत्र म्हणून पाहिलं तर मान डोलवावी असंच काम होतं, आजही वाटतं.

पण खर्च बघा. साध्या मोबाइलवाल्याला मुंबईत चार टॉवर उभे करून धंदा सुरू करता येतो. त्यातून पैसे आले की पुणे, मग नाशिक, आणि सगळ्यात शेवटी आपलं कोकण, ते तर तुम्ही भोगलंच आहे. उपग्रहांचं तसं नाही. दहा उपग्रह सोडून दहा उपग्रहांपुरता धंदा करता येत नाही, कारण ते एका जागी थांबत नाहीत. अख्खी माळ पुरी होईपर्यंत विकण्यासारखं मिनिटच तयार होत नाही. म्हणजे पाच अब्ज डॉलर आधी ओतायचे आणि पहिला रुपया नंतर. आणि पैसे ओतून झाले की एका जादा कॉलचा खर्च जवळपास शून्य. रात्रीची एसटी रिकामी धावते ना, तसे हे उपग्रह बहुतेक वेळ समुद्रावरून रिकामे जातात. त्यात एक प्रवासी बसला म्हणून डिझेल वाढत नाही.

1 नोव्हेंबर 1998 ला सेवा सुरू झाली. अमेरिकेचे उपाध्यक्ष अल गोर यांनी ग्रॅहॅम बेलच्या पणतवाला पहिला फोन केला. हँडसेट सुमारे तीन हजार डॉलरचा, मिनिटाला काही डॉलर. वर तो छपराखाली चालत नाही! एवढे पैसे मोजून हॉटेलात उतरलेल्या साहेबाने फोनसाठी रस्त्यावर येऊन उभं राहायचं. (हशा) हसताय, पण त्या साहेबाला मधल्या अकरा वर्षांत खिशात मावणारा मोबाइल मिळाला होता, रोमिंगसकट. तो कशाला येईल? 13 ऑगस्ट 1999 ला कंपनीने दिवाळखोरी मागितली. दहा महिनेही झाले नव्हते.

यात आपलाही धागा आहे. पुण्याजवळ दिघीला इरिडियमचं भारतातलं केंद्र होतं. भारतीय गुंतवणूकदारांचा पैसा बुडाला, म्हणून इरिडियम इंडियाने पुण्याच्या न्यायालयात मोटोरोलाविरुद्ध फसवणुकीची तक्रार केली. मुंबई उच्च न्यायालयाने 2003 मध्ये ती रद्द केली, पण 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कंपनी माणूस नाही, तिला मन नाही, म्हणून तिच्यावर असा खटलाच चालू शकत नाही, हे म्हणणं न्यायालयाने मानलं नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना आज हा खटला शिकवतात. असो, फार लांब गेलो.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. उपग्रह खाली आणून जाळायचं घाटत होतं. तेवढ्यात 2000 च्या अखेरीस डॅन कोलूसी या उद्योजकाच्या गटाने पाच अब्जांची ती माळ अडीच कोटी डॉलरला घेतली. आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्याने करार केला: वीस हजार लोकांसाठी, कितीही बोला, दोन वर्षांचे 7 कोटी 20 लाख डॉलर. हिशेब करा, माणशी महिन्याला दीडशे डॉलर. मिनिटांची मोजदादच नाही! ज्याने मिनिटं विकली तो बुडाला आणि ज्याने ‘आम्ही तयार आहोत’ एवढंच ठोक भावात विकलं तो तरला. तीच कंपनी आज उभी आहे. नवे उपग्रहही तिने 2017 ते 2019 मध्ये सोडले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. मग आता भरभर.

2017 च्या ओखी वादळात देवगड-सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला 68 बोटी लागल्या, 66 केरळच्या आणि 2 तमिळनाडूच्या, 952 माणसं. ती सुखरूप आहेत हे घरी कळायला किनारा गाठावा लागला. मोबाइलचा टॉवर किनाऱ्यावर, बोटीवरचा व्हीएचएफचा बिनतारी सेट जवळपासच चालणार, आणि तुम्ही जाता त्यापलीकडे. अशा तांडेलाला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, मिनिटाच्या भावाने फोन दिला तर तो काय करेल? बंद ठेवेल. भीतीपोटी नाही, बिलापोटी. आणि बंद ठेवलेल्या फोनवर वादळाचा इशारा येत नाही.

सुरक्षेचा प्रश्न मी टाळत नाही. 26/11 चे हल्लेखोर ‘कुबेर’ ट्रॉलरवरून आले आणि त्यांचा सॅटेलाइट फोन त्याच बोटीवर सापडला. परवान्याशिवाय असा फोन बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, त्याला कारण आहे. पण नोंदणी झालेली बोट, नोंदणी झालेलं यंत्र, इस्रोचा उपग्रह, यात ती भीती राहत नाही.

30 ऑगस्ट 2024 ला पालघरला पंतप्रधानांनी ज्या ट्रान्सपॉन्डर योजनेची, म्हणजे बोटीवर उपग्रहामार्फत संदेश देणारं-घेणारं यंत्र बसवायच्या योजनेची, सुरुवात केली ती मला म्हणून पटते. एक लाख बोटी, 364 कोटी रुपये, म्हणजे बोटीमागे 36 हजारांच्या आसपास. यंत्र बोटवाल्याला फुकट, छोटे संदेश दोन्ही बाजूंनी. खर्च एकदाच, वर ठोक. हेच मी सकाळ-संध्याकाळ सांगत असतो.

आता मागणी. उद्या उपग्रहावरून आवाजही मिळायला लागेल, आणि कोणीतरी मिनिटाचं दरपत्रक घेऊन तुमच्या दारात येईल. तुमच्या मच्छीमार सोसायटीने त्यावर सही करू नये. बोटीमागे वर्षाची एक ठरावीक वर्गणी असावी, ती डिझेल परताव्यासारखी सोसायटीमार्फत आणि सरकारी वाट्यासकट भरावी. संकटाचा संदेश आणि हवामानाचा संदेश यांना कधीही दर लागू नये. घरी केलेल्या दोन मिनिटांच्या फोनलाही नाही, कारण घरी बोलायला मिळालं तरच खलाशी यंत्र रोज चालू ठेवेल आणि रोज चालू असलेलं यंत्रच वादळात चालेल. परदेशात बघा, ॲपलने आयफोनवर उपग्रहावरून मदत मागायची सोय सुरू केली ती गिऱ्हाइकाला फुकट दिली आणि ग्लोबलस्टार या उपग्रह कंपनीला पैसे स्वतः मोजले.

मत्स्य खात्याला द्यायच्या निवेदनाचा मसुदा मागच्या टेबलावर ठेवलाय. वर्गणीचा आकडा त्यात मुद्दाम मोकळा सोडलाय, तो तुम्ही भरायचा. तांडेल मंडळी पुढेच बसली आहेत, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.