शोभेची जाळी, कामाची जाळी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरचं कोणी ना कोणी दुबईला, दोह्याला, नाहीतर मस्कतला नोकरीला असतं. त्यांनी पाठवलेल्या फोटोंत मागे उभ्या असलेल्या इमारती तुम्ही पाहिल्या असतील. काचेचा उंच मनोरा आणि त्याच्या दाराला एक टोकदार कमान. किंवा चांदण्यांची सिमेंटची नक्षी, भिंतीला नुसती चिकटवलेली. अशा इमारतीच्या माहितीपत्रकात 'अरबी परंपरा आणि आधुनिकतेचा संगम' हे शब्द हमखास असतात. आज मला त्या संगमाबद्दलच बोलायचंय, पण जरा तिरकस. कारण ती कमान काढून टाकली तरी इमारतीत काही म्हणजे काही बिघडत नाही. जुन्या अरबी घरातली जाळी काढली असती, तर मात्र दुपारी त्या घरात बसवलं नसतं.

कैरोच्या जुन्या शहरात दर्ब अल-अस्फर नावाची गल्ली आहे. तिथे 1648 साली बांधलेला सुहैमी वाडा आजही उभा आहे. रस्त्यावरचं दार उघडं असलं तरी आतलं काही दिसत नाही. वाट आधी वळण घेते आणि मग चौकात नेते. आपल्याकडचे वाडे पाहिलेल्या माणसाला इथवर सगळं ओळखीचं वाटेल. खरी करामत आहे ती चौकाच्या मागे. तिथे दुसरं अंगण आहे, आकाराने मोठं आणि जास्त उन्हातलं. या दोन्हींच्या मधे एक बैठक आहे, पुढून मोकळी आणि मागून लाकडी जाळीची. तिला तख्तबूश म्हणतात. मागचं अंगण तापलं की तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला पुढच्या सावलीतल्या चौकातली गार हवा या बैठकीतून वाहू लागते. म्हणजे ऊनच इथे पंखा चालवतं!

वरच्या मजल्यांवर मश्रबिया, म्हणजे बाहेर काढलेले जाळीदार झरोके. कातारी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, लाकडाच्या बारीक बारीक काड्या गोल कातून एकमेकींत अडकवायचे. इजिप्तमध्ये लाकूड दुर्मीळ, त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी काम भागवणं आलंच. शिवाय कोरड्या उन्हात सबंध फळी तडकते, हे लहान तुकडे मात्र आपापल्या जागी आकसतात, फुगतात आणि जाळी टिकते. नजरेच्या पातळीला भोकं अगदी लहान, वर मोठी. त्यामुळे डोळ्यांवर तिरीप येत नाही, बाहेरच्याला आतलं दिसत नाही, आणि उजेड-वारा वरून येत राहतो. याच झरोक्यात मातीचे माठ ठेवत, म्हणजे पाणीही गार आणि झुळूकही गार. तांबड्या समुद्रावरच्या जेद्दा शहरात अशाच मोठ्या झरोक्यांना रोशन म्हणतात. त्यांना लागणारं बरंचसं सागवान आपल्या देशातून जहाजांनी जायचं. या परंपरेतला लाकडाचा वाटा काही प्रमाणात आपलाही आहे म्हणायचा.

आता आधुनिक काळाकडे येऊ. हसन फातही हा इजिप्तचा वास्तुकार. 1945 साली सरकारने त्याला लक्झरजवळ एक अख्खं गाव वसवायला सांगितलं, न्यू गुरना. प्राचीन थडग्यांवर राहणाऱ्या लोकांना तिथे हलवायचं होतं. युद्धामुळे लोखंड-लाकडाची टंचाई होती. फातहीने पार दक्षिणेच्या अस्वानकडचे, न्युबियन जमातीचे गवंडी आणले. सेंटरिंग न लावता, कच्च्या विटांची एकेक ओळ मागच्या भिंतीला रेलवत ते छताची कमान उभी करायचे. सुंदर गाव झालं. पण गुरनाचे लोक काही तिथे राहायला जाईनात! एक तर थडग्यांतल्या चीजवस्तूंवर त्यांचं पोट चालायचं. त्यात या घरांना घुमट होते, आणि घुमट म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे कबरच यायची. परंपरा म्हणून त्यांना जे दिलं, ते दुसऱ्याच मुलखातलं होतं. फातही माझ्या आवडीचा माणूस, पण वारा कुठून येतो हे त्याने जितकं बारकाईने पाहिलं, तितकं माणसं काय म्हणताहेत हे ऐकलं नाही असं वाटतं.

याच्या अगदी उलट टोकाची इमारत जेद्दात आहे. नॅशनल कमर्शियल बँकेसाठी बांधलेली, 1983 सालची, 27 मजली आणि त्रिकोणी. वास्तुकार अमेरिकन, गॉर्डन बनशाफ्ट. तिला कमान नाही, नक्षी नाही. बाहेरच्या दगडी भिंतींना खिडकीही नाही. आहेत ती कित्येक मजले उंचीची तीन प्रचंड भगदाडं, आणि कचेऱ्यांच्या काचा त्या भगदाडांच्या आत, सावलीत उघडतात. मधल्या पोकळीतून तापलेली हवा वर निघून जाते. सुहैमी वाड्याचा चौक उचलून हवेत टांगावा, तसं. एसी आहेच, त्या दमट किनाऱ्यावर नुसत्या झुळकेवर कचेरी चालवा असं कोणी म्हणणार नाही. पण त्याच्यावरचा भार हलका झाला. मला विचाराल तर संगमाचं सगळ्यांत चोख उदाहरण हेच, आणि गंमत म्हणजे फोटोत ते 'अरबी' दिसतही नाही.

कौतुक जास्त होतं ते अबू धाबीच्या अल बहर मनोऱ्यांचं. 2012 साली झालेल्या या जोड इमारतींवर प्रत्येकी हजाराहून अधिक यांत्रिक छत्र्या आहेत. ऊन सरकेल तशा संगणकाच्या हुकमाने त्या उघडतात, मिटतात. आत येणारी उष्णता त्यामुळे निम्म्याने कमी होते असा रचनाकारांचा दावा आहे. कल्पना देखणी, यात वाद नाही. पण आधी वाळवंटात काचेची इमारत बांधायची आणि मग तिला उन्हापासून वाचवायला मोटारी बसवायच्या, हा घाट मला द्राविडी प्राणायामाचा वाटतो. पॅरिसच्या अरब वर्ल्ड इन्स्टिट्यूटने 1987 साली असाच प्रयोग केला होता. कॅमेऱ्याच्या झडपेसारख्या 240 जाळ्या. त्यातल्या बऱ्याच पुढे अडकून बसल्या.

दोह्याच्या मुशैरब भागात वेगळी वाट धरलीय. तिथे एकटीदुकटी इमारत नव्हे, मोहल्लाच नव्याने रचला. गल्ल्या अरुंद, एका इमारतीची सावली दुसरीवर पडेल अशा, रस्त्यांची दिशा उत्तरेचा वारा आत घेणारी, गाड्या जमिनीखाली. अर्थात तिथे राहणं सगळ्यांना परवडणारं नाही.

तिथेच मला पुन्हा फातही आठवतो, कारण त्याला घरं बांधायची होती ती गरिबांसाठी. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते. त्या छत्र्या बसवणारा, काचा लावणारा मजूर त्या अडीच तासांत कुठे बसतो आणि रात्री कसल्या खोलीत झोपतो, हाही वास्तुकलेचाच प्रश्न आहे. त्या मजुरांत आपल्या देशातले असंख्य आहेत. त्यांच्या वसाहतीला दोन अंगणं आणि मधे एक बैठक द्यायला मोटारी लागत नाहीत आणि संगणकही लागत नाही. जागा लागते, आणि ती सोडायला मालक राजी लागतो.

नमस्कार.