पाच मिनिटांचे पुतळे

[दृश्य : ग्रँड सेंट्रल स्थानकाचं मुख्य दालन, वरून]

हिवाळ्याचे दिवस. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात शनिवारची गर्दी आहे. कुणाला गाडी गाठायचीय, कुणी कुणाची वाट बघतंय. आणि ठरलेल्या क्षणी त्या गर्दीतले 207 जण आहेत तिथे थबकतात. एकाच्या हातातले कागद फरशीवर पसरलेत. ते गोळा करायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. एक जोडपं चुंबन घेता घेता थांबलंय. लहानपणी कुणी ‘स्टॅच्यू!’ म्हटलं की आपण व्हायचो, तसे हे सगळे पुतळे झालेत.

बाकीचे प्रवासी त्यांच्यामधून वाट काढतात, तोंडाजवळ तोंड नेऊन निरखतात, एकमेकांना विचारतात. स्थानकातली छोटी गाडी चालवणारा कर्मचारी मध्येच अडकतो आणि वॉकीटॉकीवर कळवतो की पुढे जाता येत नाहीये. पाच मिनिटं असंच. मग सगळे एकदम हलतात आणि काही घडलंच नाही असे चालू लागतात. दालनात टाळ्यांचा कडकडाट होतो.

आता या 207 जणांना नेमकं काय करायचं होतं ते बघा. बोलायचं नव्हतं. कुणाशी ओळख करून घ्यायची नव्हती. चारचौघांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्यालाही जमावं एवढंच काम. तरीसुद्धा अनोळखी माणसांच्या नजरा पाच मिनिटं अंगावर घेत उभं राहायचं, हे केवढं आहे ते बुजऱ्या माणसालाच कळेल. ही फिल्म त्याच्यासाठी आहे.

[दृश्य : वर्गातला शेवटचा बाक, लग्नघरातला कोपरा, बसथांबा]

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो 1971 सालच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या तुरुंग-प्रयोगामुळे जगाला माहीत आहेत. त्यात काही विद्यार्थ्यांना कैदी आणि काहींना पहारेकरी केलं होतं. त्याच प्रयोगावर विचार करता करता ते लाजाळूपणाच्या अभ्यासाकडे वळले. त्यांचं म्हणणं असं, की लाजाळू माणूस कैदीही स्वतःच असतो आणि पहारेकरीही स्वतःच. ‘हात वर करू नको’, ‘तिकडे बघू नको’, ‘हसतील’ हे हुकूम आतूनच सुटतात आणि तोच ते पाळतो. त्यांच्या पाहण्यांमध्ये साधारण 40 टक्के लोकांनी स्वतःला लाजाळू म्हटलं. म्हणजे भरल्या डब्यात आपण एकटेच अंग चोरून बसलोय असं ज्याला वाटतं, त्याच्या शेजारचाही तसाच असण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

[दृश्य : भुयारी रेल्वेचा डबा, हिवाळी कोट, टोप्या, मफलर]

चार्ली टॉड 2001 मध्ये नट व्हायला न्यूयॉर्कला आला. नव्या मुलाला रंगमंच कोण देणार? मग रस्ते, दुकानं, बागा, भुयारी रेल्वे हाच त्याचा रंगमंच झाला आणि ‘इम्प्रॉव्ह एव्हरीव्हेअर’ हा गट उभा राहिला. ग्रँड सेंट्रलमधले पुतळेही याच गटाचे. जानेवारी 2002 मध्ये कडाक्याच्या थंडीत सात तरुण एकेका स्थानकावर एकाच डब्यात चढले. कोट, टोपी, मफलर, बूट, सगळं जागच्या जागी. फक्त पँट नाही. एकमेकांना ओळख दाखवायची नाही, हसायचं नाही, कुणी विचारलंच तर विसरलो म्हणायचं. नंतर एक मुलगी डब्यात आली आणि डॉलरला एक या भावाने पँट विकू लागली.

2006 मधल्या अशाच प्रवासात पोलिसांनी गाडी थांबवून आठ जणांना बेड्या घातल्या. प्रकरण न्यायालयात टिकलं नाही, कारण अंतर्वस्त्रावर रेल्वेतून जाणं हा त्या शहरात गुन्हाच नव्हता. पुढे हजारो माणसं यात उतरली, आणि दुसऱ्या देशांमधल्या शहरांतही हा प्रकार पोचला.

लाजाळूपणा घालवावा हा टॉडचा हेतू कधीच नव्हता. त्याला लोकांचा दिवस मजेत जावा एवढंच हवं होतं. पण त्याच्या या खोड्यांची रचनाच अशी, की भिडस्त माणसाला त्यात जागा सापडते. काय करायचं ते आधी ठरलेलं असतं. कधी सुरू, कधी संपणार हेही ठरलेलं. आणि ते करणारा तो एकटा नसतो. लाजऱ्या माणसाला सगळ्यात छळतो तो ‘आता मी काय बोलू’ हा प्रश्न, आणि इथे तो उद्भवतच नाही.

[दृश्य : बागेतली हिरवळ, कानात इयरफोन घातलेली शेकडो माणसं]

मला विचाराल तर त्यांचा सगळ्यात सुंदर खेळ म्हणजे 2004 साली सुरू झालेला ‘एमपी3 एक्स्परिमेंट’. एक ध्वनिफीत आधी उतरवून घ्यायची, ठरलेल्या जागी यायचं, ठरलेल्या मिनिटाला सगळ्यांनी एकदम सुरू करायची. कानात स्टीव्ह नावाचा आवाज बोलू लागतो. हात वर करा. अनोळखी माणसाला टाळी द्या. आता नाचा. बाहेरच्यांना आवाज ऐकू येत नाही, त्यांना दिसतात ती नुसती एका तालात वागणारी शेकडो माणसं. शेजारच्याला टाळी द्यायचं धाडस कुणाला स्वतःहून गोळा करावं लागत नाही, कारण शेजाऱ्याच्या कानातही तोच आवाज आहे आणि त्याचाही हात आधीच उचललेला आहे. असा आवाज शाळेच्या स्नेहसंमेलनात आपल्या कानात असता, असं किती जणांना वाटेल!

[दृश्य : विद्यापीठातली खोली, टेबलाभोवती विद्यार्थी]

कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक साधासा प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला दिला. त्या वयात हा टी-शर्ट घालणं म्हणजे शरमेची गोष्ट. मग त्याला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत धाडलं. किती जणांचं लक्ष गेलं असेल? घालणाऱ्याला वाटलं, निम्म्यांचं तरी. प्रत्यक्षात टी-शर्टावर कोण होतं हे सांगू शकले जेमतेम पाव लोक.

आपल्यावर रोखलेल्या नजरांपैकी निम्म्या आपणच मांडलेल्या असतात. पण हे नुसतं वाचून पटत नाही. लाजाळू माणसाला ही माहिती शंभरदा द्या, तो मान डोलावेल आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन उभा राहील. अंगावर घेतल्याशिवाय ते खरं वाटत नाही.

हे अल्बर्ट एलिस यांना फार आधी उमगलं होतं. एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायच्या भीतीवर उपाय म्हणून ते महिनाभर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात जात राहिले आणि बाकावर बसलेल्या शंभराहून अधिक अनोळखी स्त्रियांशी बोलले. भेटायला यायचं एकीनेच कबूल केलं, आणि तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही, हे त्यांच्या हाती लागलं. पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाल्यावर ते रुग्णांना गृहपाठ देत : केळ्याला दोरी बांधून रस्त्यातून फिरवून आणा. रेल्वेत पुढच्या स्थानकाचं नाव मोठ्याने पुकारा आणि डब्यातच बसून राहा. आपल्याकडे कुणी लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन, दादर!’ असं खणखणीत ओरडून शांतपणे उभं राहून बघावं. पहिली दोन मिनिटं जीव नकोसा होईल. मग दादर येईल, लोक उतरतील.

[दृश्य : छत्रपती शिवाजी टर्मिनस, मुंबई]

27 नोव्हेंबर 2011. दहशतवादी हल्ल्याला तीन वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, हल्ल्यात माणसं मेली त्याच स्थानकात, सुमारे दोनशे जण गर्दीतून एकेक करून पुढे येत नाचू लागले. गाणं होतं ‘रंग दे बसंती’. आधी तालमी झाल्या होत्या. त्यात लहान मुलं होती, वयस्क माणसंही होती. भोवती प्रवासी गोळा झाले, मोबाइल वर झाले, नाच संपला आणि नाचणारे गर्दीत मिसळून गेले. ‘लोक काय म्हणतील’ या वाक्यावर आपण पोसलेले. त्या लोकांसमोरच हे घडलं, आणि लोक खूश झाले.

एक पथ्य मात्र हवंच. खोडी अशी असावी की तीत कुणाचाही अपमान होणार नाही. कुणा बिचाऱ्याला घाबरवून त्याची फजिती चित्रित करायची, हे या फिल्ममध्ये बसत नाही. तिथे एकाचा संकोच दुसऱ्याच्या माथी मारला जातो. आणि माणसांत जायच्या नुसत्या विचाराने ज्याचा श्वास अडकतो, ज्याचं शिक्षण-नोकरी सुटायची वेळ आलीय, त्याने खेळावर विसंबू नये. त्याच्यासाठी समुपदेशक आणि डॉक्टर आहेत, आणि तेही असंच पायरीपायरीने भीतीला सामोरं जायला शिकवतात.

[दृश्य : भुयारी रेल्वेचा सरकता जिना, सकाळची गर्दी]

2009 ची सकाळ. न्यूयॉर्कच्या एका भुयारी स्थानकात कामावर निघालेली, मख्ख चेहऱ्याची माणसं सरकत्या जिन्यावरून वर येतायत. बाजूच्या जिन्यावर अंतराअंतरावर काही जण पाट्या धरून उभे आहेत. ‘रॉबला’, ‘तुम्हाला’, ‘टाळी द्यायचीय’, ‘तयार राहा’. सगळ्यात वर टॉडच्या गटातला रॉब उभा आहे, हात वर करून.

त्या सकाळी 2,000 जणांनी त्याला टाळी दिली.