आधीच्या पाळीचा निरोप

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझा विषय छापलाय 'निदानानंतरचे पहिले सहा महिने', आणि खाली म्हटलंय की वक्त्या व्यवहारी सूचना देतील. देणार आहे. पण आधी एक तक्रार मांडते, नाहीतर ती मधेमधे डोकं वर काढत राहील. 'डोकं वर काढेल' म्हटल्याबरोबर पुढच्या रांगेतले दोघं सावरून बसले. बसा हो निवांत, आज सकाळपासून मीच आहे.

तर तक्रार. मला 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' आहे असं सांगितलं गेलं त्याला आता चौदा महिने झाले. या चौदा महिन्यांत ज्या ज्या माणसाला मी विश्वासात घेतलं, त्यानं दोनपैकी एक प्रश्न विचारला. 'तुझ्या आत एकूण किती जण आहेत?' किंवा 'लहानपणी नेमकं झालं काय होतं?' उद्या सकाळी तुला कामावर जायचंय, ते कसं जमवणार, असं एकानंही विचारलं नाही. इतरांना कशाला नावं ठेवू? मीही स्वतःला रात्र रात्र जागून हेच दोन प्रश्न विचारत होते.

या खोलीतल्या बहुतेकांकडे आपापली फाइल आहे, किंवा घरात कुणाची तरी आहे, तेव्हा व्याख्या सांगत बसत नाही. फक्त ते 'दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व' तेवढं सोडा. एक तर त्यानं लोकांची स्किझोफ्रेनियाशी गल्लत होते, आणि तो सर्वस्वी वेगळा आजार आहे. दुसरं म्हणजे, मल्टिपल पर्सनॅलिटी हे माझ्या आजाराचं जुनं नाव मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणातून 1994 मध्येच गेलं, आणि ते उगाच गेलं नाही. आत सात-आठ अख्खी माणसं भाड्यानं राहतात, असं काही नसतं. माणूस एकच असतो. त्याच्या आठवणी, भावना, सवयी यांची वीण घट्ट बसायच्या वयात बसलेली नसते, बहुधा काहीतरी असह्य सोसावं लागल्यामुळे. आपल्या बोलीत यासाठी किती साधे शब्द आहेत. तंद्री लागली, भान सुटलं, 'कुठे हरवलीस?' हे हरवणं थोडंफार सगळ्यांचंच असतं. आमचं जरा लांबतं, आणि परत आल्यावर हिशेब लागत नाही.

आता माझी आवडती गोष्ट. ही मी प्रत्येक ठिकाणी सांगते, ज्यांनी ऐकली असेल त्यांनी तेवढ्यात चहा घ्यावा. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये अँसेल बोर्न नावाचा साठीचा धर्मोपदेशक होता. 1887 च्या जानेवारीत त्यानं बँकेतून 551 डॉलर काढले आणि तो नाहीसा झाला. पोलिसांनी शोधलं, पेपरात छापून आलं, पत्ता नाही. इकडे पेनसिल्व्हेनियात नॉरिसटाउन नावाच्या गावी ए. जे. ब्राउन नावाच्या कुणा गृहस्थानं छोटं दुकान थाटलं. वह्या-कागद, गोळ्या-बिस्किटं, फळं, असलं किरकोळ. मार्चमधल्या एका सकाळी हा ब्राउन घाबराघुबरा होऊन उठला आणि विचारायला लागला, मी कुठे आहे? म्हणे माझं नाव बोर्न, दुकानदारीतलं मला ओ की ठो कळत नाही, आणि बँकेतून पैसे काढले ते कालचंच आठवतंय. मधले जवळजवळ दोन महिने गायब! पुढे 1890 मध्ये विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञानं त्याला संमोहित केलं तेव्हा ब्राउन पुन्हा बोलला. दोन्ही आठवणी जोडायचा जेम्सनं पुष्कळ प्रयत्न केला, पण त्या काही जुळल्या नाहीत. आजच्या भाषेत हा डिसोसिएटिव्ह अ‍ॅम्नेशियाचा प्रकार, म्हणजे आठवणीच तुटणं, फ्यूगसह, म्हणजे त्या अवस्थेत घरदार सोडून निघून जाणं. माझ्यापेक्षा वेगळं निदान आहे, पण घराणं तेच.

ही गोष्ट सांगणारे सगळे संमोहनावर रंगतात. मी अडकते दुकानावर. ते दुकान नीट चाललं होतं हो! ब्राउन मधूनमधून फिलाडेल्फियाला जाऊन माल भरून आणायचा, स्वतः रांधून खायचा, शेजारपाजाऱ्यांना तो साधा, नीटनेटका माणूस वाटायचा. आणि बोर्न जागा झाल्यावर त्याला त्या दुकानाची इतकी धडकी भरली, की त्यानं पुन्हा तिथे पाऊल ठेवायला साफ नकार दिला. नातेवाईक येऊन सगळं आवरून त्याला घेऊन गेला.

निदानानंतरचा पहिला महिना म्हणजे नेमकं हेच. दुकान आपलंच आहे, चाललेलं आहे, आणि आपण दारात उभं राहून म्हणतो, मी आत येणार नाही.

मी सव्वीस वर्षं नर्स आहे. आमच्यात पाळी बदलताना चार्ज देतात. आधीच्या पाळीच्या सिस्टरशी तुमचं पटत असो वा नसो, तुम्ही तिच्यासोबत खाटेखाटेपाशी जाता आणि ऐकून घेता. चार नंबरचं सलाइन दहाला संपेल, सात नंबरला ताप होता, आता उतरलाय, अकरा नंबरनं दुपारी काही खाल्लं नाही. 'तू अशी का आहेस?' हा प्रश्न चार्ज घेताना कुणी विचारत नाही. तेवढा वेळच नसतो.

आणि हीच बाई घरी काय करत होती? स्वयंपाकघरात एक वही ठेवा, असं थेरपिस्टनी सुचवलं. मी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कोण आहेस तू? काय हवंय?' अकरा दिवस पान कोरं. कोण उत्तर देईल अशा माणसाला? बाराव्या दिवशी कंटाळून मी, आम्ही ड्युटीवर लिहितो तसं लिहिलं. 'विजेचं बिल भरलं. गुरुवारी चारला अपॉइंटमेंट. पोट बरं नाही, हलकं खाणे.' दोन दिवसांनी सकाळी गोळीचं पाकीट हातात घेतलं आणि वहीकडे नजर गेली. माझ्या ओळीखाली सुटी सुटी अक्षरं, पेन इतकं दाबून लिहिलेलं की मागच्या पानावर बोटाला लागत होतं: 'रात्रीची गोळी पहाटे घेतली. परत घेऊ नकोस.'

पाकिटात एक घर रिकामं होतं.

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. भीती वाटली, खोटं नाही सांगत. पण सव्वीस वर्षांच्या सवयीनं हात आपोआप चालला आणि मी खाली लिहिलं, 'नोंद घेतली.' खाली सहीसुद्धा केली, आणि मग माझं मलाच हसू आलं.

चिठ्ठी आली, आठ मिनिटं राहिलीत. मूळ विषय राहिलाच. भराभर सांगते.

नाव मिळाल्यावर 'मी नाटक तर करत नाही ना' ही शंका येते. ती जवळजवळ सगळ्यांना येते. तिचा निकाल लावल्याशिवाय पुढचं काही करता येत नाही असं समजू नका. शंका बाजूला बसलेली असतानाही वही लिहिता येते. इंटरनेटवरच्या अठ्ठावीस प्रश्नांच्या चाचणीवरून मात्र काही ठरवू नका. ती 1986 मध्ये तयार झाली ती चाळणी म्हणून, निदान करायला नव्हे. निदान होतं ते जाणकारानं सविस्तर मुलाखत घेऊन. फिट्सचा आजार वगैरे आधी तपासून घ्यावा लागतो, माझाही ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, झाला. मला आधी नैराश्य, मग चिंता, मधे वर्षभर बायपोलर अशी नावं मिळाली. योग्य नाव मिळायला वर्षानुवर्षं लागणं या आजारात नवीन नाही, तेव्हा हरवलेल्या वर्षांचा राग येईल. आला तर येऊ दे.

उपचार मुख्यतः बोलण्याचे. खास डिसोसिएशनवरची, म्हणजे या हरवण्यावरची, गोळी नाही. गोळ्या असतात त्या सोबतच्या नैराश्यासाठी, झोपेसाठी. आणि उपचारांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी रोजचं जगणं आणि सुरक्षितता, मग जुन्या आठवणी, मग हळूहळू जुळवणं. लहानपणी काय झालं हे पहिल्या महिन्यात उकरायला जाऊ नका, कुणी उकरायला लागलं तर थांबवा. माझं तेच चुकलं, आणि तीन आठवडे रजेवर गेले.

भान सुटतंय असं वाटलं की पाय जमिनीवर दाबा, थंड पाण्याखाली हात धरा, आजचा वार मोठ्यानं म्हणा. बावळटासारखं वाटतं, उपयोग होतो. जिवाचं काही करून घ्यावं असे विचार आले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. या आजारात असे विचार बऱ्याच जणांना येतात, त्यात लाज कसली? ज्या कामात तुमचं भान सुटल्यानं दुसऱ्याला इजा होईल, ते तूर्त सोडा. औषधं वाटण्याचं काम मी स्वतःहून सोडलं आणि आता नोंदणीवर बसते. कामावर सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. मी फक्त माझ्या इनचार्जला सांगितलंय.

सोबत आलेल्यांसाठी एवढंच. 'आत्ता कोण बोलतंय?' असं दर वेळी विचारू नका. पाणी हवंय का, जेवलीस का, घरी कसं जाणार आहेस, हे विचारा.

झाली वेळ. प्रश्न बाहेर घेऊ, हॉल साडेसहाला रिकामा करून द्यायचाय. मागच्या खुर्च्या उचलायला दोघं-तिघं थांबा.