घाणेरी वरून कापू नका

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या झुडपाबद्दल बोलणार आहे ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यानं जाताना येऊरच्या डोंगराकडे बघा, नाहीतर नवी मुंबईत पारसिकच्या आणि खारघरच्या उतारांवर बघा. पिवळ्या-गुलाबी फुलांचे लहान लहान गुच्छ, खरखरीत पानं, आणि जवळून गेलं की बाही धरून ठेवणारे काटे. आपण तिला घाणेरी म्हणतो, कुणी टणटणी म्हणतं. रोपवाटिकेत तिचंच नाव लँटाना होतं आणि तिथं ती पैसे मोजून विकत मिळते.

मी बेलापूरला डोंगराच्या पायथ्याशी राहते. घरामागं चिंचोळी परसबाग आहे, तिच्या शेवटी कुंपण, आणि कुंपणापलीकडे थेट डोंगर. काही वर्षांपूर्वी कुंपणाच्या कोपऱ्यात घाणेरीचं एक रोप उगवलं. फुलं सुंदर होती, फळं खायला बुलबुल येत होते, म्हणून मी ते राहू दिलं. दोन पावसाळ्यांत त्याची माझ्या डोक्याच्या वर जाणारी जाळी झाली. खालचं गवत गेलं, मी लावलेली अबोली गेली. मग एका मे महिन्यात बागकाम करणाऱ्या काकांकडून ती कोयत्यानं जमिनीलगत छाटून घेतली. जागा स्वच्छ दिसू लागली. जूनचा पाऊस सुरू झाला आणि काही दिवसांतच त्याच बुंध्यातून फुटवे वर आले. आधी तीन खोडं होती. गणपती येईपर्यंत मी पंधरा मोजली.

असं का होतं ते नीट समजून घेऊ या, कारण सगळं काम त्यावर अवलंबून आहे. घाणेरीचं खोड आणि मूळ जिथं एकमेकांना मिळतात, तिथं मातीच्या जरा खाली एक जाडसर भाग असतो. फुटवे येतात ते तिथून. वरचं झुडूप कापलं की हा भाग शाबूतच राहतो आणि एका खोडाच्या जागी चार खोडं वर पाठवतो. दरवर्षी कोयता चालवणारा माणूस दरवर्षी जाळी दाट करत असतो. जाळूनही उपयोग नाही. आग विझल्यावर पहिल्या पावसात तीच आधी हिरवी होते, आणि आपल्या डोंगरांवर उन्हाळ्यात वणवे आधीच कमी नाहीत.

दिल्ली विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधी पद्धत बसवली आणि ती कॉर्बेटच्या जंगलात वापरून दाखवली. बुंध्याभोवतीची माती थोडी बाजूला करायची. जमिनीच्या पातळीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीनं तोडायचं. मग झुडूप उचलून तिथंच उलटं ठेवायचं, मुळं आकाशाकडे. उलटं का? घाणेरीची फांदी ओल्या मातीला टेकली की तिला नवी मुळं फुटतात. मुळं वर राहिली तर ती उन्हात वाळून जाते. सगळं मूळ उपसत बसायची गरज नाही, औषध फवारायची गरज नाही. आमच्या परसात हेच केलं. दोन माणसं, एक कुदळ, एक पहार आणि एक सकाळ पुरली.

पण कुदळ उचलण्याआधी झुडूप तेच आहे ना, याची खात्री करा. हे मी कळकळीनं सांगते, कारण आपल्याकडे घाणेरीच्या शेजारी, पुष्कळदा तिच्यात गुंतलेली करवंदाची जाळी असते आणि तीही काटेरीच. आमच्या कुंपणाला लागून असलेली करवंद मी काढायलाच निघाले होते. डोंगरावरच्या पाड्यातून रानमेवा विकायला येणाऱ्या एका मावशींनी मला थांबवलं. त्यांनी पान तोडून दाखवलं. करवंदाचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, घाणेरीच्या पानाला चीक नाही. करवंदाचं पान गुळगुळीत आणि चकचकीत, घाणेरीचं खरखरीत आणि कडेनं दातेरी. करवंदाचे काटे लांब, सरळ, जोडीजोडीनं येणारे. घाणेरीचे काटे बारीक आणि मागं वळलेले, म्हणून हात आत सहज जातो आणि बाहेर काढताना ओरखडतो. एवढं करूनही शंका राहिली तर घाणेरीचं कोवळं खोड हातमोजा घालून बोटांत फिरवा, चौकोनी लागेल. आणि पान चुरगळून वास घ्या. तो उग्र वास एकदा घेतला की विसरत नाही, नावही त्यावरूनच पडलं आहे.

फुलांतही एक गंमत आहे. एकाच गुच्छात मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी किंवा केशरी असतात. मधली फुलं नुकती उमललेली. परागीभवन झालं की फूल रंग बदलतं, आणि कीटक उरलेल्या पिवळ्या फुलांकडे वळतात. अशी चतुर वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली. १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांच्या काळात ती शोभेसाठी भारतात आणली गेली. बागेतून ती पक्ष्यांच्या पोटातून जंगलात गेली. जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आज तिचं नाव आहे. १९४१ साली तिची पानं शोषणारा एक किडाही मुद्दाम भारतात आणला होता, आणि पुढं तो बाहेर पसरला. पानं झडायची, पण पाऊस आला की झुडूप पुन्हा उभं.

फुलपाखरं येतात, मग घाणेरी कशाला काढायची, असं मला पुष्कळ जण विचारतात. फुलपाखरं येतात हे खरं आहे. पण ती मध प्यायला येतात, अळ्यांना ही पानं चालत नाहीत. आपलं राज्य फुलपाखरू निलवंत लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतं. बहुरूपी कढीपत्त्यावरही घालतं. फुलपाखरं हवी असतील तर लिंबू आणि कढीपत्ता लावा. गुरांसाठी तर घाणेरीची पानं विषारीच आहेत. खाल्ली तर यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. कच्ची हिरवी फळं मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

काम करायला पावसाळ्याची सुरुवात चांगली. दोन-चार दमदार सरी झाल्या की माती सैल होते आणि मूळ सहज सापडतं. झुडपावर फळं असतील तर त्या फांद्या आधी सिकेटरनं, म्हणजे छाटणीच्या कात्रीनं, कापून गोणीत भरा, खताच्या खड्ड्यात टाकू नका. चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्या आणि गमबूट हवेतच. हात घालण्याआधी काठीनं जाळी हलवून बघा. डोंगराकडेला फुरसं किंवा घोणस अशा जाळीत असू शकते. मुनिया किंवा बुलबुलाचं घरटं दिसलं तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा. महिनाभरानं काही बिघडत नाही.

उतारावर मात्र एका दमात सगळं साफ करू नका. भर पावसात उघडी पडलेली माती खाली वाहून येते. थोडा पट्टा काढा, तिथं गवत धरू द्या, मग पुढचा पट्टा. आणि हे सगळं आपल्या कुंपणाच्या आत. पलीकडचा डोंगर वनखात्याचा असेल तर आपण होऊन कुदळ घेऊन जाऊ नये, खात्याला विचारावं.

मोकळी झालेली जागा तशीच ठेवली तर घाणेरीच परत येते, कारण तिचं बी मातीत पडलेलं असतं आणि बुलबुल नवं आणून टाकतच असतात. रोपं सर्वांत जास्त कुठं येतात तर पक्षी बसतात त्या झाडाखाली आणि कुंपणाच्या तारेखाली. तिथं पावसाळ्यात दर पंधरवड्याला एक फेरी मारा. वीतभर रोप ओल्या मातीतून दोन बोटांनी निघतं. मी त्या कोपऱ्यात कुडा आणि धायटी लावली, शेजारची करवंद तशीच राखली. पहिल्या जूनमध्ये इतकी रोपं आली की मी मोजणं सोडून दिलं. दुसऱ्या वर्षी साठेक निघाली. यंदा आतापर्यंत अकरा, आणि त्यातली नऊ कढीपत्त्याच्या खाली, जिथं बुलबुल बसतो तिथंच.

नमस्कार.