पिंजऱ्याचा पाय

(कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेटर आणि हौशी स्पर्धकांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

टेबलावर पाईपचे दोन तुकडे ठेवलेत. दोन्ही काळे रंगवलेत, लांबून सारखेच दिसतात. एक ४५ मिलिमीटरचा सीमलेस, म्हणजे बिनजोडाचा, अडीच मिलिमीटर जाडीचा. दुसरा पाण्याच्या लाईनीचा दीड इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी. त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर. रोल केज, म्हणजे गाडी पलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा पाईपचा पिंजरा, बसवायला स्पर्धेची गाडी घेऊन येणाऱ्या पोरांपुढे मी हे दोन्ही ठेवतो. बहुतेक जण दुसरा उचलतात, कारण तो मोठा दिसतो आणि स्वस्त मिळतो. पण त्याला लांबीभर जोड असतो. वर जस्ताचा थर. वेल्डिंग करताना त्याचा धूर छातीत जातो आणि वेल्डिंगच्या टाक्यात बुडबुडे राहतात. पाणी वाहून न्यायला तो चांगला आहे, माणूस वाचवायला नाही.

एफआयए, म्हणजे मोटार स्पर्धांची जागतिक संघटना, तिच्या नियमांच्या परिशिष्ट जे मधलं २५३ वं कलम स्पष्ट आहे. ड्रायव्हरच्या मागची मुख्य कमान कोल्ड ड्रॉन (थंड असताना ओढून काढलेल्या) सीमलेस कार्बन स्टीलची, ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटर. कमान अखंड हवी, मध्ये जोड नको. पाईप वाकवताना बाक थंडच काढायचा. वाळू भरून, गॅसने तापवून नाही. बाकाची त्रिज्या पाईपच्या व्यासाच्या किमान तिप्पट. बाकावर पाईप चपटतो, तिथे व्हर्नियर लावून व्यास मोजा. लहान व्यास मोठ्याच्या ०.९ पट तरी भरला पाहिजे. ४२ आणि ४७ भरले, तर तो बाक बाद. मन घट्ट करून बाजूला टाका.

आता खरं सांगायचं ते पायाचं. काही वर्षांपूर्वी मी एका जुन्या मारुती एस्टीमला केज बसवला. कमान सुंदर, टाके एकसारखे. पायाखाली तळहाताएवढी प्लेट, ती सरळ फ्लोअरच्या पत्र्यावर बोल्ट केलेली. मैदानावर गाडी एकदाच पलटली. कमान जरासुद्धा वाकली नाही, पण पाय पत्रा फाडून चार बोटं खाली गेला. छत तेवढंच खाली आलं. पोरगा चालत बाहेर आला, पण त्याच्या हेल्मेटवरचा पांढरा ओरखडा मी अजून विसरलो नाही. नंतर गाडी उचलून पाहिलं. कृष्णाकाठचा काळा चिखल खालच्या खोबणीत बसून पत्रा आतून कुजला होता. वरून रंग शाबूत, म्हणून मी स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिलंच नव्हतं.

नियम काय सांगतो? मुख्य कमानीच्या प्रत्येक पायाला किमान ३ मिलिमीटर जाडीची मजबुतीची प्लेट, १२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण १० बाय १२. ती बॉडीला वेल्ड केलेली. बोल्ट किमान तीन, एम ८ (८ मिलिमीटर व्यासाचे), मजबुतीचा ग्रेड ८.८. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं. नसेल तर तो बोल्ट घेऊ नका. एवढा भार पत्र्यावर पसरला असता, तर त्या दिवशी पाय वरच राहिला असता.

दुसरी जागा छताजवळची. टाका पाईपभोवती पूर्ण फिरला पाहिजे, पण छताला चिकटलेल्या बाजूला वेल्डिंगची टॉर्च पोचत नाही. तिथे बरेच जण समोरून तीन बाजू मारून पुट्टी भरतात. जाणते कारागीर पायांखाली फ्लोअरला भोकं पाडतात, केज खाली उतरवतात, वरचे टाके पूर्ण करतात, मग केज उचलून खाली प्लेटा बसवतात. दोन दिवस जास्त जातात. गिऱ्हाईक त्याचे पैसे द्यायला कुरकुरतं, तरी त्याला समजावून सांगा.

डोकं पोचेल तिथे पॅडिंग हवंच. आणि केजची गाडी रोज सांगली-मिरज रस्त्यावर फिरवू नका. हेल्मेट नसताना साध्या ठोकरीतही कवटी त्याच पाईपवर आपटते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम असे बदल खपवून घेत नाही. स्पर्धेला जायचं असेल, तर पाईप आणण्याआधी एफएमएससीआय, म्हणजे भारतातल्या मोटार स्पर्धांची संघटना, तिची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचा; कापल्यावर वाचून उपयोग नाही.

उद्या सकाळी शेडमध्ये एका गाडीचा केज खाली उतरवून ठेवलेला असेल, वरचे टाके अजून मारायचे आहेत. येताना छोटा आरसा आणि बॅटरी आणा. टाक्यामागे आरसा धरून काय दिसतं ते प्रत्येकाने स्वतः बघायचं.