तिकिटाएवढं पोलाद

[दृश्य: जुनं टपाल तिकीट. त्यावरून हळूहळू फिरणारं बोट.]

डोळे मिटून या तिकिटावरून बोट फिरवा. किंचित खरखरीत लागतंय ना? शाई कागदावर चक्क उभी राहिली आहे. पोलादात कोरलेल्या चरांमध्ये ती भरली होती. प्रचंड दाबाखाली कागदाने ती उचलून घेतली.

असे चर कोरण्यात चेस्वाव स्वान्या यांची सगळी हयात गेली. जन्म 1921चा, पोलंडमधला. क्राकुफला शिकत असताना पदवीसाठी त्यांनी यान मातेइको यांचं ‘ग्रुनवाल्डची लढाई’ हे चित्र छोट्या आकारात कोरायला घेतलं. मूळ चित्र 1878चं. सव्वाचार मीटर उंच आणि जवळजवळ दहा मीटर रुंद. आपल्या वन-बीएचकेत त्याला भिंतच मिळायची नाही! चित्राच्या मधोमध लाल पोशाखातला, तलवार उगारलेला घोडेस्वार आहे. नजर पहिल्यांदा जाते ती त्या लाल रंगाकडे.

आणि कोरीवकामात शाई एकच.

[दृश्य: भिंग, कोरणी, चामड्याच्या उशीवर ठेवलेली पोलादी पाटी.]

तिकीट कोरायचं तर मोठं चित्र आधी फोटोने तिकिटाच्या मापाचं करून घेतात. पारदर्शक फिल्मवर सुईने मुख्य रेषा गिरवतात आणि त्या पोलादावर उतरवतात. उलट्या, आरशात दिसाव्यात तशा. इथवर सगळी हमाली. खरं काम यापुढे. वळणदार रेषा काढताना कोरणी जागच्या जागी राहते, उशीवरची पाटीच हळूहळू फिरवतात.

राखाडी छटा मिळते ती रेषांमधूनच. सावली हवी तर रेषा दाट आणि खोल. उजेड हवा तर विरळ. गालाची गोलाई दाखवायला नुसते ठिपकेही पुरतात. दहा मीटरच्या चित्रात प्रत्येक घोड्याच्या नाकपुडीला जागा असते. ते सगळं तिकिटात कोंबलं तर छापून येईल शाईचा डाग. लोक स्वान्यांच्या बारकाईचं कौतुक करतात. मला मात्र त्यांनी कोऱ्या सोडलेल्या जागा जास्त आवडतात.

हात चुकला तर? खोडरबर नाही. पाटी मागून ठोकून ती जागा वर आणायची, घासून गुळगुळीत करायची आणि पुन्हा कोरायची. एकेका तिकिटात आठवडे जातात.

स्वान्यांच्या नावावरचं पहिलं तिकीट पोलंडमध्ये 1951 साली निघालं. 1956मध्ये ते स्वीडनला गेले, आणि पुढे कितीतरी देशांची तिकिटं त्यांच्या हातून उतरली.

[दृश्य: हजारावं तिकीट, पूर्ण पडदाभर.]

2000 साली आलं हे हजारावं. एरेनस्ट्राल या 17व्या शतकातल्या चित्रकाराने रंगवलेल्या स्वीडिश राजांच्या पराक्रमांवरून कोरलेलं. नेहमीच्या तिकिटापेक्षा हे बरंच मोठं आहे. हजार तिकिटं झाल्यावर पोस्टाने जरा ऐसपैस जागा दिली म्हणायची.

तरी भिंग लागतंच.