मॅक्स वेबर आणि तळ्यातला बाप्तिस्मा

ऑक्टोबर १९०४. अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना राज्य. ब्लू रिज डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यावर एक तळं आहे. रात्री पाणी गोठेल इतकी थंडी पडून गेलीय. काळा सूट घातलेला धर्मोपदेशक कमरेइतक्या पाण्यात उभा आहे. ठेवणीतले कपडे घातलेली माणसं एकेक करून उतरतात, बुडी घेतात आणि कुडकुडत वर येतात. काठावर शेतकरी कुटुंबांची गर्दी आहे आणि त्या गर्दीत, नातेवाइकांसोबत, जर्मन विचारवंत मॅक्स वेबर.

एका तरुणाला पाण्यात पाहताच वेबर यांचा नातेवाईक म्हणाला, “बघ, मी म्हटलं नव्हतं?” वेबर यांनी मागाहून कारण विचारलं. “त्याला गावात बँक काढायचीय.” वेबर यांनी पुन्हा विचारलं, इथे एवढे बाप्टिस्ट (मोठेपणी बाप्तिस्मा घेणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे लोक) आहेत? “छे! पण एकदा बाप्तिस्मा झाला, की सगळा मुलूख त्याच्याकडेच येणार.”

कारण बाप्टिस्ट मंडळी कुणालाही सहजासहजी आत घेत नसत. पार लहानपणापासूनच्या वागणुकीची चौकशी व्हायची. गुत्त्यावर जातो का, पत्ते खेळतो का, देणी वेळेवर फेडतो का? त्यातून पार पडलेल्याची पत गावभर वाढायची.

धर्म आणि पैशाच्या अशाच नात्यावरचा, प्रोटेस्टंट (कॅथलिक चर्चपासून फुटलेल्या ख्रिस्ती पंथांच्या) नीतीवरचा वेबर यांचा प्रबंध १९०४-०५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्याच्या मुळाशी एक जबरदस्त धास्ती आहे. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या शिकवणीप्रमाणे तारण, म्हणजे आत्म्याची मुक्ती, कुणाची होणार हे देवानं आधीच ठरवलेलं. पुण्य करून ते बदलत नाही. हे मनापासून मानणाऱ्याला रात्री झोप कशी लागत असेल? आपण निवडलेल्यांत आहोत याच्या खुणा तो शोधू लागला. नेमानं, हिशेबानं केलेल्या कामात त्याला दिलासा मिळाला. पैसा आला, पण चैन वर्ज्य. मग तो पैसा पुन्हा धंद्यातच गेला आणि भांडवल साठत राहिलं.

‘धर्मानं भांडवलशाही जन्माला घातली’ हे वाक्य सर्रास वेबर यांच्या नावावर खपवलं जातं. हा त्यांच्यावर अन्याय आहे. भांडवली व्यवहाराचे काही प्रकार धर्मसुधारणेच्या, म्हणजे प्रोटेस्टंट पंथ जन्माला घालणाऱ्या चळवळीच्या, कितीतरी आधीचे आहेत, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. सगळं आर्थिक कारणांवर ढकलणं जितकं एकांगी, तितकंच सगळं धर्मावर ढकलणंही, अशी त्यांची भूमिका होती.

म्हणूनच पुढे ते चीनच्या, भारताच्या आणि प्राचीन ज्यूंच्या धर्मांकडे वळले. इस्लामचा अभ्यासही करायचा होता. १९२० मध्ये म्युनिकला न्यूमोनियानं त्यांचा मृत्यू झाला आणि तो ग्रंथ लिहायचा राहिला.